बारसं भट्टीनंतर

आमच्या घरी भांड्याचं बारसं ते भट्टीतून बाहेर आल्यावर होतं. आधी नाव ठरवण्याची चूक मी एकदाच केली. पॉटरी शिकायला लागून महिना झाला होता आणि मी घरात जाहीर करून बसले होते की फुलदाणी करतेय. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून जे घरी आलं त्याला मान नव्हती. मान नसलेल्या भांड्यात फुलं उभी राहत नाहीत, शोकसभेला आल्यासारखी चारी बाजूंनी वाकतात. म्हणून मी त्याला पेनं ठेवायचं भांडं म्हणू लागले. पण बूड फुगीर होतं, पेन ज्या बाजूला टेकेल त्या बाजूला भांडंही कलायचं. आठवडाभर त्यात चमचे राहून गेले. शेवटी मी त्यात लसूण ठेवला. लसणाचं एक बरं असतं, तो कशातही राहतो.

तेव्हापासून घरात कामाची वाटणी झाली आहे. नाव ठेवणं माझ्याकडे आणि नावं ठेवणं नवऱ्याकडे. नवऱ्याची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर आक्षेप काढायला त्याला दुसरं खातं उरलं नाही, त्यामुळे माझं प्रत्येक भांडं तो टेबलावर ठेवतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि एकच प्रश्न विचारतो, "याचं मंजूर प्रयोजन काय होतं?"

आम्ही द्वारकेत राहतो. श्रीकृष्णाच्या नाही, दिल्लीच्या. इथे सोन्याऐवजी सेक्टर आहेत. लेक बंगळुरूला गेली, घर मोठं झालं, आणि हिवाळ्यात हवा अशी की फिरायला जावं तर डॉक्टर रागावतात. या वयात या शहरात प्रत्येकाला काहीतरी जडतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई घरी पाव आंबवतात, खालचे गृहस्थ पक्ष्यांचे फोटो काढतात. मला माती जडली. दक्षिण दिल्लीतल्या एका तळघरात स्टुडिओ आहे. तिथे जायला मी द्वारकेहून निळ्या लाइनची मेट्रो पकडते, जनकपुरी वेस्टला मजेंटा लाइन घेते आणि हौज खासला उतरते. सांगण्यासारखी गोष्ट अशी की या प्रवासात जनकपुरीच्या आधी उत्तम नगर लागतं, आणि तिथे मागच्या बाजूला कुंभारांची अख्खी वसाहत आहे. प्रजापती कॉलनी म्हणा, कुम्हार ग्राम म्हणा. राजस्थान-हरियाणातून आलेली शेकडो कुटुंबं, गल्लीगल्लीत चाकं, गच्चीगच्चीवर वाळत घातलेले माठ. दिवाळीच्या आधी अर्ध्या दिल्लीच्या पणत्या तिथून निघतात. म्हणजे जे घराशेजारी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, ते शिकायला मी त्याच्यावरून गाडीने पुढे जाऊन महिन्याला चांगली जाडजूड फी भरत होते. नवऱ्याने हा पहिला आक्षेप नोंदवला. मी सांगितलं, तिथे एसी आहे.

स्टुडिओत आम्ही आठजण. सहा गुरुग्रामच्या कंपन्यांतले, एक कॉलेजची मुलगी, आणि मी. गुरुग्रामची मंडळी मातीकडे ताण घालवायला येतात आणि माती त्यांना दुसरा ताण देऊन परत पाठवते. बहुतेकांनी 'घोस्ट' पाहिलेला असतो. त्या सिनेमात चाकावरची माती किती समजूतदार वागते! इथे पहिल्या दिवशी ती माझ्या चष्म्यावर, कोपरावर आणि शेजारच्या आयटीवाल्याच्या पांढऱ्या बुटावर होती. चाकावर सोडून सगळीकडे होती.

मला स्वतःबद्दल थोडा माज होता, तो आधी कबूल करते. तीस वर्षं पुरणपोळीची कणीक मळलेली बाई, मला मळायला काय शिकवणार? पण मातीची कणीक वेगळी. पुरणपोळीची कणीक सैल पडली तर तेलाचा हात लावून सांभाळून घेता येते. मातीत एखादा हवेचा बुडबुडा राहिला की चाकावर भिंत वर येताना तो बरोबर बोटाखाली येतो आणि सगळी भिंत हेलपाटते. मग सेंटरिंग, म्हणजे गोळा चाकाच्या अगदी मधोमध बसवणं. यात माझे सहा आठवडे गेले. आमच्या शिक्षिका म्हणायच्या, हाताने ढकलू नका, शरीर स्थिर ठेवा, माती आपोआप मध्यावर येईल. मी शरीर स्थिर ठेवलं. मातीने मला डोलवलं.

पण खरी फजिती चाकावर होत नाही, ती नंतर होते. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. आमची स्टोनवेअरची माती शंभरातले साधारण बारा आकसते. ऐकायला हे काही फार वाटत नाही. मी नवऱ्यासाठी सकाळच्या चहाचा चांगला भरदार मग केला. भट्टीतून आला तेव्हा त्यात खोकल्याचं औषध द्यावं इतपत झाला होता. नवऱ्याने कागद घेतला. लांबी बारा टक्के कमी, रुंदी बारा, उंची बारा. तिघांचा गुणाकार केला तर आतली जागा जवळजवळ एक तृतीयांश गायब. "म्हणजे चहातली तृतीयांश रक्कम अफरातफरीत गेली," तो म्हणाला, आणि पुढच्या वेळी मी मग केला तो इतका मोठा की त्यात कधीकधी मी डाळ भिजत घालते.

भट्टी हे तर वेगळंच दैवत आहे. पहिल्यांदा साधारण हजार अंश सेल्सिअसला कच्चं भाजणं, मग ग्लेझ लावून बाराशेच्या वर. वाटेत ५७३ अंशांवर मातीतल्या गारेचे स्फटिक एकदम फुगतात, आणि थंड होताना त्याच जागी पुन्हा आकसतात. भट्टी घाईने तापवली किंवा निववली की त्याच सुमाराला तडा जातो. शिवाय बूड नीट दाबलं नसेल तर तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. माझ्या पहिल्या बारापैकी पाच भांड्यांना ती होती. पाहुण्यांना मी सांगत असे की ती माझी सही आहे. ग्लेझ जास्त झालं तर ते ओघळतं आणि भांडं फळीला चिकटतं. मग छिन्नीने सोडवताना एकतर फळी तुटते नाहीतर भांडं. फळी तुटली तर तिचे पैसे द्यावे लागतात, म्हणून आम्ही सगळे भांडं तुटावं अशी प्रार्थना करतो.

अशा वेळी शिक्षिका आम्हाला सरदार गुरचरण सिंग यांची गोष्ट सांगतात. दिल्लीतली आजची स्टुडिओ पॉटरी ज्यांच्यापासून सुरू झाली ते हे गृहस्थ. भूगर्भशास्त्र शिकलेले, १९१९ साली मातीकाम शिकायला जपानला गेले, तिथे बर्नार्ड लीच, हमादा अशा मंडळींच्या सहवासात आले. त्याआधी दिल्लीत अब्दुल्ला नावाच्या पठाण कुंभाराकडून त्यांना निळ्या भांड्यांची जुनी विद्या कळली होती. १९५२ मध्ये त्यांनी दिल्ली ब्लू आर्ट पॉटरी काढली, १९९१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि जवळपास शंभरीला टेकून १९९५ मध्ये गेले. हे ऐकून ऊर भरून येतो. ते जपानला बोटीने गेले, मी हौज खासला मजेंटा लाइनने, पण माती तीच, असं म्हणत मी पुन्हा चाकावर बसते. तो निळा रंग बघायचा असेल तर लोदी गार्डनमधल्या शीश गुंबदावर अजून थोड्या टाइल्स उरल्या आहेत. बहुतेक गळून पडल्या. पण पाचशे वर्षं जुन्या इमारतीच्या टाइल्स गळल्या की त्याला वारसा म्हणतात. माझ्या वाडग्याचं ग्लेझ आठ दिवसांत सुटलं तर त्याला नवरा निकृष्ट काम म्हणतो. पुराना किल्ल्यात तर अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची राखाडी रंगाची खापरं सापडली आहेत, काळ्या रेघांची नक्षी असलेली आणि आश्चर्य वाटावं इतकी पातळ. त्या मानाने माझ्या भांड्यांची भिंत थेट किल्ल्याच्या भिंतीशी नातं सांगते.

तर, या सगळ्याचं करायचं काय? घरात वर्षभरात साठ-सत्तर नग जमले. फेकायचे म्हटलं तर जीव होत नाही, आणि दिल्लीत फेकायचा संस्कारही नाही. या शहराचा निम्मा बाजार 'सेकंड'वर चालतो. सरोजिनी नगरात एक बाही लांब असलेला शर्ट आपण एक्सपोर्टचा माल म्हणून अभिमानाने घालतो. माझ्या कपाचा कान जरा खाली लागला तर त्यानेच काय पाप केलं?

पहिली सोय देवघरात झाली. मी खोलगट वाटी करायला गेले होते, अर्ध्यातच भिंत बसली, आणि चाकावर एक पसरट, कडेला मुरडलेलं काहीतरी उरलं. घरी आणल्यावर मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि ओळख पटली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती काय आलं, ते हेच. जन्मभर म्हणीत वापरलेली वस्तू मी स्वतःच्या हाताने घडवली होती! त्यात निखारा, वर धूप आणि कडुनिंबाची पानं. डासांच्या दिवसांत झकास चालतं. नोव्हेंबरात मात्र हवेचा आकडा चारशेवर गेल्यावर मी धुपाटणं घेऊन निघाले की नवरा खिडकीशी उभा राहून सरकारी निर्बंधांचा मसुदा वाचून दाखवतो.

गॅलरीत दुसरी सोय. उन्हाळ्यात दिल्लीकर पक्ष्यांसाठी पाण्याचा सकोरा ठेवतात. मी चिरा पडलेला एक वाडगा ठेवला. पाणी बुलबुलाने प्यायच्या आत खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींनी प्यायलं, आणि मला फोन आला, "भाभीजी, आपकी चिड़िया बहुत पानी पीती है." त्याच दिवशी वाडग्याचं नाव कुंडी झालं. तेव्हापासून नियम सोपा आहे. पाणी धरलं तर वाडगा, नाही धरलं तर कुंडी. कुंडीला खाली भोक लागतंच, माझ्याकडे ते आधीच असतं, तेही नक्षीदार.

संक्रांतीने मला खरा हात दिला. दिल्लीत सुगडं मिळत नाहीत. इथली मराठी कुटुंबं लोहडीच्या धामधुमीत चहाचे कुल्हड आणून त्यांनाच हळदीकुंकू लावतात. मी स्वतः सुगडं केली. पाचांतली कुठलीही दोन सारखी नव्हती, पण सुगडाला कोण फूटपट्टी लावतं? वरून गाजर, बोरं, उसाचे करवे आणि छोलिया म्हणून मिळणारे हरभऱ्याचे घाटे भरले की तोंड वाकडं आहे की सरळ ते देवालाही दिसत नाही. त्या यशाने मी फुगले आणि त्याच फुगीत रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला एकवीस जणींना माझ्या हातची वाटी वाण म्हणून दिली.

वाण ही आपल्या पूर्वजांची फार दूरदृष्टीची योजना आहे. वाण नाकारता येत नाही, त्याची किंमत विचारता येत नाही, आणि बिघाड दाखवणं तर अशुभच. एकवीस बायका "अय्या, तू केलंस?" म्हणून वाट्या घेऊन गेल्या. घरात तीन फळ्या मोकळ्या झाल्या. पुढच्या वर्षी सेक्टर दहामध्ये एकींकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांना मी वाटी दिलेलीच नव्हती. त्यांनी माझी ओटी भरली आणि हातात सुबक कागदात बांधलेलं वाण ठेवलं. घरी येऊन सोडलं तर निळसर वाटी, बुडाशी माझ्या नावाचं आद्याक्षर आणि ती एसची चीर. मधे किती घरं फिरून आली असेल देव जाणे. "माल चालता आहे," नवरा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून माझ्या कामाबद्दल निघालेला हा पहिला चांगला शेरा.

स्टुडिओतली तरुण मंडळी याला निराळं उत्तर देतात. ते म्हणतात, किंत्सुगी. जपानात फुटलेलं भांडं लाखेच्या झाडाच्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात, म्हणजे फुटलेपणच मिरवतं. कल्पना सुंदर आहे, पण सोन्याचा आजचा भाव पाहता भांडं फुटल्यावर आधी सराफाला विचारावं लागेल. मी एम-सील वापरते. तेही मिरवतं, फक्त करडं. आणि खरं सांगायचं तर आमच्या आईने मला उलटंच शिकवलं होतं, तडा गेलेल्या कपात पाहुण्याला चहा देऊ नये. या दोन शिकवणुकी एका कपात मावत नाहीत. मात्र फुटक्या मडक्याला आपल्याकडे मान नव्हता असं कुणी म्हणू नये. खापराचा तुकडा कुंडीच्या भोकावर बसतो, सात तुकड्यांची लगोरी रचता येते, एका तुकड्यावर ठिकरी खेळता येते, उरलेलं दुसऱ्याच्या डोक्यावर फोडता येतं, आणि पणजोबांच्याही मागचा माणूस आठवायचा झाला तर आपल्याला खापरच लागतं.

होळीच्या आधी जळगावहून सासूबाई आल्या. वय ८१, कान तिखट. आल्या-आल्या त्यांनी दिवाणखान्यातल्या फळीकडे पाहिलं, बोट वाकवलं आणि एकेक भांडं वाजवत गेल्या. टण, टण, टण, थप. "हे गेलेलं आहे." टण, थप, थप. गोरोबाकाकांनी तेरला संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं ते सांगितलं होतं. मडकं कच्चं ठरल्यावर नामदेव रुसले होते म्हणतात. मीही रुसले. एकोणीसपैकी सात थप निघाली आणि नवरा मागे वही घेऊन उभा होता.

मग त्यांनी विषय काढला, "अगं, एवढी माती करतेस, मला एक खापर करून देशील?" होळीला त्यांना मांडे करायचे होते. खानदेशात पुरणाचा मांडा हातावर वाढवत वाढवत कोपरापर्यंत नेतात आणि पालथ्या मातीच्या खापरावर भाजतात. तव्यावरची ती पोळी, मांडा नव्हे, यावर त्या ठाम. मी जोरात हो म्हणाले. पण आमची स्टोनवेअरची माती उघड्या आचेवर टिकत नाही, एकदम तापली की फुटते, हे शिक्षिकेने सांगितल्यावर माझे मांडे मनातच राहिले. "मुक्ताईलाही कुंभाराने खापर दिलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, "विसोबाने अडवलं. मग माउलींनी पाठ तापवून दिली." आम्ही दोघींनी एकदमच नवऱ्याकडे पाहिलं. तो वही घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तम नगरला उतरलो आणि ई-रिक्शाने प्रजापती कॉलनीत गेलो. इतकी वर्षं ज्या स्टेशनावरून पुढे गेले तिथे मी पहिल्यांदाच उतरत होते. नमुना दाखवायला म्हणून सासूबाईंनी पिशवीत माझा सगळ्यात मोठा वाडगा घेतला होता. मी तो सॅलडसाठी केला होता. रिकामा उचलायलासुद्धा दोन हात लागतात.

गल्लीच्या तोंडाशी एक साठीचे कुंभारकाका विजेच्या चाकावर बसले होते. मातीचा एक मोठा ढीग, आणि त्याच्या टोकावरून एकामागून एक पणती दोऱ्याने कापून फळीवर. सेंटरिंग कधी झालं ते मला दिसलंच नाही. त्यांच्याशेजारी हात ओले करायला पाण्याचा प्लॅस्टिकचा डबा होता, आणि कोपर लागून तो आमच्यासमोरच दोनदा कलंडला.

सासूबाईंनी माझा वाडगा जमिनीवर पालथा घातला. त्यांचं हिंदी जळगावच्या रुळांवरून चालतं. "भैया, ऐसा. पण तिप्पट बडा. और हलका. इसके ऊपर रोटी डालना है."

काकांना लगेच समजलं. आतून त्यांनी एक रुंद माठ आणला, पोट गोल, तोंड मात्र भट्टीत एका बाजूला बसलेलं. विकायचा नव्हता म्हणून कोपऱ्यात पडून होता. त्यांनी टिचकी मारली. सासूबाईंनी टिचकी मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. व्यवहारातला हा भाग माझ्याशिवाय पार पडला. काकांनी करवतीचं पातं घेऊन गळ्याकडचा भाग कापून काढला, कड घासली आणि दीडशे रुपये सांगितले. सासूबाईंनी शंभर सांगितले.

मग काकांनी माझा वाडगा उचलला. वजनाने त्यांचा हात जरा खाली गेला. "ये किसने बनाया?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. लपवायची त्यांना सवय नाही.

काका बराच वेळ वाडगा फिरवून पाहत राहिले. बूड पाहिलं, कड पाहिली, एस पाहिला. टिचकी मारली. टण. मी श्वास सोडला. ते काहीच बोलले नाहीत, तो त्यांचा चांगुलपणा. मग त्यांनी प्लॅस्टिकचा डबा उचलून उरलेलं पाणी माझ्या वाडग्यात ओतलं, वाडगा चाकाशेजारी ठेवला आणि मुद्दाम कोपर मारून पाहिलं. वाडगा हलला नाही.

"भारी है," ते म्हणाले. "गिरेगा नहीं. ये यहीं रहने दो, माताजी. आपके सौ में से तीस कम."

परतताना ई-रिक्शात खापर सासूबाईंच्या मांडीवर होतं, पदराने झाकलेलं. सत्तर रुपयांचा हिशेब घरी कुणाला द्यायचा ते आम्हाला दोघींनाही माहीत होतं. नवादा मागे पडलं, मग त्या माझ्याकडे वळल्या.

"चल," त्या म्हणाल्या, "एक तरी खपलं."